दोन तारामती

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

कामं आटोपून बसला असाल, किंवा हात चालू असतील आणि कान इकडे असतील. आमच्याकडेही तसंच असतं.

मी मुलुंडहून आलेय. मुलुंड म्हणजे मुंबईचं ठाण्याकडचं टोक. स्टेशनातून पश्चिमेला निघालं की पुढे डोंगर लागतो. त्या डोंगराच्या पायथ्याशी जी वस्ती आहे, तिथल्या बचत गटांची मी समन्वयक. तुम्हाला वाटेल, मुंबईच्या बाईचं आणि आपलं काय जमायचं? पण आमच्या गटात खेडच्या बायका आहेत, पाटणच्या आहेत, जालन्याच्या आहेत. गणपतीला, शिमग्याला, पेरणीला निम्मा गट गावी असतो आणि बैठकीला माणसं भरत नाहीत. तेव्हा आपलं जमेल.

हप्ते, व्याज, पासबुक यावर मी नेहमीच बोलते. आज सिनेमावर बोलणार आहे. दोन सिनेमे आहेत, गोष्ट एकच, राजा हरिश्चंद्राची. एक सिनेमा छोटा, मुका, प्रयोग म्हणून काढलेला, १९१३ सालचा. दुसरा पूर्ण लांबीचा, बोलका, १९३२ सालचा. मधे एकोणीस वर्षं. हे दोन्ही आम्ही गटातल्या बायकांनी एकत्र बसून पाहिले. पाहून झाल्यावर गटाच्या वहीत मीच लिहिलेली एक ओळ मला सलायला लागली. ती कुठली, ते पुढे सांगते.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. कीर्तनात ऐकली असेल, जत्रेतल्या नाटकात पाहिली असेल. हरिश्चंद्र सत्यवचनी राजा. विश्वामित्राला त्यानं शब्द दिला आणि सगळं राज्य देऊन टाकलं. वर दक्षिणा द्यायची राहिली. ती फेडायला तो काशीला गेला. राणी तारामतीला आणि मुलाला विकलं, मग स्वतःला विकलं आणि स्मशानात राखणीला राहिला. पुढे तारामतीवर खुनाचा आळ येतो, आणि तिची मान उडवायची तलवार येते तिच्याच नवऱ्याच्या हातात. तो ती उचलतोही. तेवढ्यात देव प्रकट होतात, हात धरतात आणि गेलेलं सगळं परत मिळतं.

आता आधी छोटा सिनेमा.

तो काढला धुंडिराज गोविंद फाळके यांनी, ज्यांना आपण दादासाहेब फाळके म्हणतो. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० चा. त्यांचा छापखान्याचा धंदा होता, पण भागीदारांशी पटलं नाही म्हणून सोडला. १९११ साली गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक सिनेमा पाहिला आणि डोक्यात घेतलं, की आपले देव, आपले राजे असे पडद्यावर चालायला हवेत. पत्नी सरस्वतीबाईंनाही नेऊन त्यांनी सिनेमा दाखवला. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकली, १९१२ मध्ये लंडनला गेले, कॅमेरा आणि यंत्रं घेऊन परत आले.

पण अख्खा सिनेमा काढायला पैसा कोण देणार? न पाहिलेल्या धंद्याला कर्ज कोणी देत नाही, हे आपल्याला सांगायला नको. तेव्हा फाळक्यांनी काय केलं? एका कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा मांडला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्र घेत राहिले. ती सगळी चित्रं जोडून पडद्यावर सोडली, तर मिनिटभरात बी फुटलं, कोंब वर आला आणि वेल झाला. नाव दिलं, 'अंकुराची वाढ'. ते पाहून ओळखीच्या माणसांनी पैसे काढले. सरस्वतीबाईंनी आपले दागिने काढून दिले.

हे मी गटात सांगितलं तेव्हा आमच्या अध्यक्ष मावशी म्हणाल्या, "म्हणजे बँक आपली सहा महिन्यांची वही बघते, तसंच की." बरोबर तसंच. आधी कुंडीतला वाटाणा दाखवायचा, मग शेतासाठी मागायचं.

मग दादरच्या घरी काम सुरू झालं. आम्ही मुलुंडहून लोकलनं जातो, दादरला उतरतो. तिथे पूर्वेला आज दादासाहेब फाळके मार्ग आहे. मीही त्या रस्त्यानं कितीदा गेलेय, कधी पाटी वाचली नव्हती. त्या काळी फिल्मची पट्टी कोरी यायची, कडेला भोकं नसायची. ती भोकं अंधारात पाडावी लागत, कारण उजेड लागला की पट्टी वाया. दिवसभराचं घरकाम उरकल्यावर रात्री अंधारात बसून हे काम सरस्वतीबाई करत. फिल्म धुवायला त्या शिकल्या. उन्हात चित्रण चालू असताना चेहऱ्यांवर उजेड पाडायला पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहिल्या. आणि या सगळ्यात साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडेच होता. आमच्या गटात मेसचे डबे करणाऱ्या दोघी आहेत. साठ-सत्तर माणसं म्हटल्यावर त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि काही बोलल्याच नाहीत.

हरिश्चंद्र मिळाला. रोहिताश्व म्हणजे राजाचा मुलगा, तो फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र झाला. अडलं ते तारामतीपाशी. सिनेमात काम करायला एकही बाई तयार होईना. घरंदाज बायकांचं सोडा, नाचगाण्याच्या वस्तीतल्या बायकासुद्धा नाही म्हणाल्या. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत अण्णा साळुंके नावाचा सडपातळ आचारी फाळक्यांना दिसला. तिथे त्याला दहा रुपये महिना मिळत होता, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. अशी आपल्या पहिल्या सिनेमातली राणी तारामती एक आचारी पुरुष झाला. सिनेमात काम करतो म्हणायची लाज, म्हणून कोणी विचारलं तर "हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे" असं सांगायचं ठरलं होतं. तेच नाव घेऊन परेश मोकाशी यांनी २००९ मध्ये 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा सिनेमा केला. तुमच्यातल्या काहींनी पाहिला असेल.

काही चित्रण वांगणीला झालं. वांगणी आमच्याच लाईनवर, बदलापूरच्या पुढे. तलवारी-भाले घेतलेली माणसं गावात उतरलेली पाहून गावकऱ्यांना वाटलं, दरोडेखोर आले. फौजदारानं सगळ्यांना धरलं. मागाहून फाळके कॅमेरा घेऊन पोचले, काय चाललंय ते करून दाखवलं, तेव्हा सुटका झाली. आमच्या एका सदस्येचं माहेर वांगणी. ती म्हणाली, "आमच्या गावानं पहिल्या सिनेमावाल्यांना आत टाकलं होतं होय!" आणि फार खूश झाली.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लोकांना दाखवला. चार रिळं, ३,७०० फूट, तासाभराच्या आसपासचा खेळ. आजच्या मानानं छोटा. त्या वेळच्या मानानंही छोटाच वाटला, कारण लोकांना पाच-सहा तास चालणाऱ्या नाटकांची सवय. सुरतेची हकिकत सांगतात, की दोन आण्यांत रात्रभराचं नाटक मिळत असताना तीन आणे देऊन एवढासा खेळ बघायला लोक येईनात. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली, की सत्तावन्न हजार छायाचित्रं बघा, दोन मैल लांबीचं चित्र बघा, आणि तेही फक्त तीन आण्यांत. लोक आले. फाळके नुसते कलाकार नव्हते, दुकानदारी कळणारे होते.

या सिनेमाची सगळी रिळं आज राहिलेली नाहीत. पहिलं आणि शेवटचं रीळ उरलं आहे. काही अभ्यासकांचं म्हणणं, ही उरलेली रिळं १९१७ साली फाळक्यांनी हीच गोष्ट परत चित्रित केली त्या वेळची. म्हणजे फाळक्यांनाही एकदा सांगून समाधान झालं नव्हतं.

ही रिळं आम्ही समाजमंदिरात पाहिली. एकीच्या मुलानं लॅपटॉप टीव्हीला जोडून दिला. आवाज नाही, मधे मधे अक्षरांच्या पाट्या येतात, त्या इंग्रजीत आणि हिंदीत. जुन्या काळी थिएटरात कोणीतरी त्या मोठ्यानं वाचून दाखवी. आमच्याकडे ते काम मी केलं. सुरुवातीला राजा मुलाला धनुष्यबाण शिकवतोय, राणी शेजारी आहे. पुढे राणी आणि तिच्या सख्या पाण्यात खेळताहेत. त्या ओल्या लुगड्यांतले दंड पाहून बायका हसून हसून पडल्या, कारण सगळे पुरुष. एक म्हणाली, "हातावरचे केस तरी काढायचे!" मी पण हसले.

हसणं थांबल्यावर आमच्या सगळ्यात म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "हसता काय गं? तारामतीचं दुःख दाखवायला एक पण बाई नव्हती त्यांच्याकडं." त्यानंतर शेवटचं रीळ सगळ्यांनी गप्प बसून पाहिलं.

आता मोठा सिनेमा.

१९३१ साली 'आलम आरा' आला आणि आपल्याकडे सिनेमा बोलायला लागला. कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी होती. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी १९२९ मध्ये काढलेली. पहिला बोलपट कुठल्या गोष्टीवर करायचा? त्यांनीही हरिश्चंद्रच निवडला. शांतारामांनी दिग्दर्शन केलं, नाव 'अयोध्येचा राजा', फेब्रुवारी १९३२. मराठीतला पहिला बोलपट तो. हिंदीतही त्यांनी तो काढला. लांबी अडीच तासांच्या आसपास. हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचंच.

आणि तारामती झाल्या दुर्गा खोटे.

त्यांच्याविषयी थोडं सांगते. माहेरच्या त्या लाड. मुंबईच्या, प्रतिष्ठित घरातल्या, कॉलेजात शिकलेल्या. खोट्यांच्या श्रीमंत घरात लग्न होऊन गेल्या. पुढे सासरची परिस्थिती बसली. पदरात दोन लहान मुलगे. त्यांनी शिकवण्या केल्या. मग एका सिनेमात छोटं काम मिळालं, तर नावं ठेवणारेच जास्त भेटले. घरंदाज बाई आणि सिनेमात! त्यानंतर शांतारामांकडून तारामतीसाठी विचारणा झाली. त्या तयार झाल्या. तेव्हा दुसऱ्यानं गायचं आणि आपण ओठ हलवायचे, ही सोय नव्हती. गाणं ज्याचं त्यानं, कॅमेऱ्यासमोर, तिथल्या तिथे गायचं. म्हणजे तारामतीचा चेहरा बाईचा, बोलणं बाईचं आणि गाणंही त्याच बाईचं.

दुर्गाबाईंच्या आधी कोणीच बाई सिनेमात आली नव्हती, असं मात्र नाही. फाळक्यांच्याच दुसऱ्या सिनेमात, 'मोहिनी भस्मासुर'मध्ये, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी कामं केली होती. पण दुर्गा खोटेंसारखी शिकलेली, मोठ्या घरातली बाई आली आणि कामाला मान मिळाला, तेव्हा इतरांची वाट मोकळी झाली. आणि गंमत बघा. १९८३ साली दुर्गा खोटेंना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. ज्या माणसाला तारामतीसाठी बाई मिळाली नाही, त्याच्याच नावाचा पुरस्कार तारामती झालेल्या बाईला.

हा सिनेमा आम्हाला एका बैठकीत पाहता आला नाही. तासाभरानं पाण्याची वेळ झाली, सगळ्या उठल्या. उरलेला पुढच्या शनिवारी पाहिला. अडीच तास एका जागी बसायला मिळणं ही आमच्या बायकांना दिवाळीलाही न मिळणारी चैन आहे.

तर आता तुलना. दोन्ही सिनेमांत गोष्टीचा सांगाडा तोच. राजा शब्द देतो, राज्य जातं, विक्री होते, आळ येतो, तलवार उचलली जाते, देव येतात. मग लांबी वाढल्यानं काय वाढलं?

एक वाढलं ते तारामतीचे दिवस. छोट्या सिनेमात तिच्यावर एकामागून एक प्रसंग कोसळतात आणि आपण पुढे जातो. मोठ्या सिनेमात काशीच्या बाजारात तिला विकत घेणारा माणूस आहे, गंगानाथ. बाबूराव पेंढारकरांनी तो केलाय. तिला विकत घेतलं म्हणजे नक्की काय झालं, हे इथे कळतं. दुसऱ्याच्या घरात राबायचं, मालकाची वाईट नजर चुकवायची, पोराला जपायचं. राणी विकली गेली, हे कीर्तनात एका वाक्यात होतं. विकली गेल्यावर सकाळी उठून तिनं काय केलं, ते कळायला वेळ लागतो. तो वेळ मोठ्या सिनेमानं दिला.

दुसरं वाढलं ते तिचं बोलणं. मुक्या सिनेमात तारामती काय म्हणते ते पाटीवर येतं, आणि पाटी लिहिणारा दुसराच कोणी असतो. बोलपटात ती स्वतः बोलते. आमच्यातल्या एकीनं छान सांगितलं. ती म्हणाली, "पहिल्यात मला तिची कीव आली. दुसऱ्यात मला तिच्याशी बोलावंसं वाटलं."

पण छोट्या सिनेमाला कमी लेखायचं नाही. मी मुद्दाम गटाला विचारलं, दोन्हीतलं काय लक्षात राहिलं? मोठ्यातली गाणी सांगितली, कपडे सांगितले, भव्य वाडे सांगितले. छोट्यातली एकच गोष्ट सगळ्यांनी सांगितली, उचललेली तलवार. आवाज नाही, गाणं नाही, नुसता हात वर. छोटी गोष्ट पसरत नाही, एका जागी उभी राहते. शिवाय मोठा सिनेमा काढणाऱ्यांना वाट माहीत होती. फाळक्यांना कॅमेऱ्यापासून फिल्मच्या भोकांपर्यंत सगळं स्वतः शोधावं लागलं.

बाहेरच्या देशातलं एक उदाहरण सांगते. फ्रान्समध्ये ख्रिस मार्कर नावाच्या माणसानं १९६२ साली एक प्रयोग केला, 'ला जेते' नावाचा. अठ्ठावीस मिनिटांचा सिनेमा, आणि जवळजवळ सगळा स्थिर फोटोंचा. आपण अल्बम चाळावा तसा एकेक फोटो येतो, मागे एक माणूस गोष्ट सांगतो. जग युद्धात उद्ध्वस्त झालंय आणि एका माणसाला भूतकाळात पाठवतात, लहानपणी पाहिलेला एका बाईचा चेहरा त्याच्या मनात रुतलाय म्हणून. या अख्ख्या सिनेमात एकच क्षण चित्र हलतं. ती बाई झोपेतून जागी होते आणि डोळे उघडून आपल्याकडे बघते. बस. तेहतीस वर्षांनी, १९९५ मध्ये, अमेरिकेत याच गोष्टीवरून 'ट्वेल्व्ह मंकीज' नावाचा दोन तासांहून मोठा सिनेमा झाला. मोठे नट, रोगाची साथ, वेड्यांचं इस्पितळ, पळापळ. गोष्ट भरली, माणसं वाढली, आपल्याला जास्त कळलं. पण पापण्या उघडण्याचा तो एक क्षण छोट्याच सिनेमाचा राहिला.

तेव्हा छोट्याचं बळ वेगळं, मोठ्याचं वेगळं. छोटी गोष्ट काय झालं ते सांगते. मोठी गोष्ट ज्याच्यावर झालं त्याला बोलायला जागा देते. दोन्ही लागतात.

आता एक गोष्ट, जी दोन्ही सिनेमांत नाही. सिनेमा संपल्यावर आमच्या आजींनीच विचारली. "त्यानं शब्द दिला, बरं. तिला विचारलं का?"

सगळ्या गप्प. कारण खरंच, कुठेच नाही. छोट्यात नाही, मोठ्यातही नाही. तारामतीला चेहरा मिळाला, आवाज मिळाला, गाणं मिळालं, पण शब्द देण्याआधी तिला कोणी विचारत नाही. शब्द नवऱ्याचा, आणि फेड बायकोमुलासकट. शेवटी देव आले म्हणून बरं.

तेव्हा आमच्या गटातल्या एक काकू बोलायला लागल्या. एरवी त्या बैठकीत कोपऱ्यात बसतात, सही करतात, जातात. त्यांनी गटातून तीस हजारांचं कर्ज घेतलं होतं, शिलाई मशीन आणि कापडासाठी असं सांगून. चार हप्ते आले, मग थांबले. मी दोनदा विचारलं, त्या म्हणाल्या, "घरची अडचण." मी वहीत लिहिलं, 'हप्ता थकीत, कारण घरगुती.' नियमाप्रमाणे दंड लावला. पुढच्या महिन्यात परत तीच ओळ, परत दंड.

त्या दिवशी काकू म्हणाल्या, "मशीन आलंच नव्हतं. गावच्या घराचं छप्पर करायचं होतं. भावकीत बसून यांनी शब्द दिला, तीस हजार मी देतो. घरी येऊन मला म्हणाले, गटातून काढ. मी सही केली. आता हप्ता मागितला की म्हणतात, कर्ज तुझ्या नावावर आहे." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मला पण कोणी विचारलं नाही."

मैत्रिणींनो, त्या संध्याकाळी मी घरी जाऊन ती वही उघडली. 'कारण घरगुती.' दोन शब्द. मी बी.ए. झालेय, आठ वर्षं गटांचं काम करतेय, आणि त्या दोन शब्दांत मी एका बाईची अख्खी गोष्ट बंद करून ठेवली होती, वर दंडही लावला होता. ती खोटं बोलली, हे खरं. मशीन नव्हतं, ते मी जाऊन पाहायला हवं होतं, हेही खरं. पण तिला खरं सांगायला मी जागा कुठे दिली होती? बैठक अर्ध्या तासाची, त्यात बचत गोळा करायची, हप्ते मोजायचे, सह्या घ्यायच्या. आमची प्रत्येक बैठक मुका सिनेमा होती. पाट्या मी लिहायचे.

ओळ मी खोडली नाही. वहीत खाडाखोड चालत नाही, ते मीच सगळ्यांना शिकवते. पुढच्या बैठकीत आम्ही ठराव केला. दंड माफ केला आणि हप्ता कमी करून मुदत वाढवली. यावर वाद झाला, हेही सांगते. दोघी म्हणाल्या, "आज हिला सोडलं, उद्या सगळ्या हेच सांगतील." त्यांचं चूक नव्हतं. तो पैसा सगळ्यांचा आहे, एकेकीनं भाजीच्या पैशातून वाचवलेला. कर्ज काकूंनाच फेडावं लागणार, ते कोणी देव येऊन माफ करणार नाही. त्या फेडताहेत. शेजारणीच्या मशीनवर फॉल-पिको करतात. हप्ता मागेपुढे होतो, पण येतो. नवऱ्याशी मिटलंय का, ते मी विचारलेलं नाही. सांगावंसं वाटलं तर त्या सांगतील.

त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी ठरल्या, त्या तुमच्या गटाला उपयोगी पडतील म्हणून सांगते.

पहिली. कर्ज मागणारीनं बैठकीत उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगायचं, पैसा कशाला हवा, कोणाला लागणार आणि हप्ता कुठून येणार. मुलाच्या हाती चिठ्ठी पाठवायची नाही, नवऱ्यानं दारात उभं राहायचं नाही. छपरासाठी हवा असेल तर छपरासाठी म्हणायचं. घराचं छप्पर ही काही लाजेची गोष्ट नाही. गट त्यालाही कर्ज देईल, पण तिला विचारून, तिला झेपेल तेवढं.

दुसरी. तीन महिन्यांतून एक बैठक लांब ठेवायची. त्या दिवशी वही आधी उरकायची, मग मिटायची. चहा करायचा आणि ज्या बाईचा हप्ता अडलाय तिला, किंवा जी कधी बोलत नाही तिला, बोलू द्यायचं. मधे कोणी तोडायचं नाही, उपाय सांगायची घाई करायची नाही. तिथे बोललेलं बाहेर न्यायचं नाही. काकूंची हकिकत मी आज सांगितली ती त्यांना विचारून, आणि नाव-गाव न सांगता.

आपण पंचसूत्री म्हणतो, नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, नोंदी. त्यातली नोंद लागतेच. वही हा आपला छोटा सिनेमा आहे. ती दाखवल्याशिवाय बँक दारात उभं करत नाही, हिशोब बसत नाही, भांडण मिटत नाही. सरस्वतीबाईंनी अंधारात पाडलेल्या भोकांसारखं आहे ते. कोणाला दिसत नाही, पण त्याशिवाय पट्टी पुढे सरकत नाही. फक्त, वहीतल्या एका ओळीलाच बाईची पूर्ण गोष्ट समजायचं नाही, एवढं मी शिकले.

जाता जाता. तुमच्या गावात कोणाकडे मोठा फोन असेल, टीव्हीला जोडायची वायर असेल, तर हे दोन्ही सिनेमे शोधून पाहा. आधी छोटा पाहा. हसू येईल, हसा. मग अण्णा साळुंकेंच्या तारामतीकडे नीट बघा. दहा रुपयांची नोकरी सोडून तो बिचारा आपलं दुःख दाखवायला उभा राहिलाय. मग मोठा पाहा, एका बैठकीत जमला नाही तर दोन बैठकांत. आणि पाहून झाल्यावर आमच्या आजींचा प्रश्न तुमच्या गटात विचारा. तिला विचारलं का? बघा कोण आधी बोलतं ते.

आणि जी बोलेल, तिला मधेच थांबवू नका. पाण्याची वेळ झाली, तर एकीनं जाऊन सगळ्यांचे हंडे नळाला लावावेत.